कोपऱ्यातली पिन

त्या दिवशी मी खरं तर बूट परत करायला गेलो होतो.

बूट माझे नव्हते, संयोगिताचेही नव्हते. उचगावच्या पुढं, हायवेला लागून एक नवी इमारत झाली आहे. खाली कपड्यांची दुकानं, त्यावर लहान मुलांचे खेळ आणि सगळ्यात वर बोलिंग. तिथं आपल्या चपला काउंटरवर ठेवायच्या आणि त्यांचे बूट घालून खेळायचं. अर्धे लाल, अर्धे निळे, टाचेवर मापाचा आकडा. शेवटच्या दुपारी खेळता खेळता माझ्या बायकोला चक्कर आली आणि मी तिला तशीच, त्यांच्या बुटांसकट, दवाखान्यात नेली. ती परत आली नाही. बूट तेवढे एका पिशवीतून परत आले. पिशवी मी कपाटावर टाकली आणि तिच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

आठवण करून दिली ती आक्काताईनं. आक्का माझी थोरली बहीण, मुरगूडला असते. तिचा सकाळीच फोन आला.

"विश्वा, संयू सपनात आलती रं."

"बरं."

"घाटावर हुबी हाय अजून. आनी पायात कसली रं ती बुटं? निम्मी तांबडी, निम्मी निळी. सर्कशीतली माणसं घालत्यात तसली."

आक्का दवाखान्यात पोचली तेव्हा संयोगिताच्या अंगावर पायापर्यंत चादर होती. ते बूट आक्कानं पाहिलेले नव्हते. मी फोन ठेवला, स्टूल घेतलं आणि कपाटावरची पिशवी खाली काढली.

दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर कावळा शिवला नव्हता. कावळे होते, भरपूर होते. देवळाच्या शिखरावर ओळीनं बसून आमच्याकडे बघत होते. पण पिंडाजवळ एकही उतरेना. मग आपल्याकडे होतं तसं प्रत्येक जण पुढं होऊन कबुली द्यायला लागला. माझा मुलगा आदर्श म्हणाला, मी पप्पांना एकटं टाकणार नाही. तिच्या भावानं माहेरच्या आंब्याचं काही सांगितलं. आक्का हात जोडून म्हणाली, "डाव्या हातानं वाढतीस म्हणून लई बोलली गं बाई तुला. मनात धरू नगंस." कावळे हलले नाहीत. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि शिववला. परतताना जो तो हेच विचारत होता, काय राहिलं असेल हिचं?

मला ठाऊक होतं. पण घाटावर, नदीच्या काठी, ओल्या धोतरात उभं राहून 'तुझी एक पिन राहिली आहे, ती मी पाडतो' असं कसं म्हणणार?

संयोगिता डावखुरी होती. आमच्या घरात त्या हातावरून तिनं बरंच ऐकून घेतलं. प्रसाद उजव्या हातानं, हळदीकुंकू उजव्या हातानं. तिच्या बँकेतल्या निवृत्त बायकांच्या स्पर्धेसाठी म्हणून ती पहिल्यांदा बोलिंगला गेली आणि तिथल्या प्रशिक्षक बाई म्हणाल्या, डावा हात? झकास! त्या दिवशी घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात उगीचच हात मागं नेऊन पुढं आणत होती. मग दर बुधवारी दुपारी तिचं जाणं ठरून गेलं आणि तिच्यामागं माझंही. मी आपला बसायचो, कधीमधी एखादा चेंडू टाकायचो.

शेवटच्या दुपारी तिच्या डावाची शेवटची फ्रेम होती. एका फ्रेममध्ये दहा पिना पाडायला दोन चेंडू मिळतात. पहिल्यात राहिलेल्या दुसऱ्यात पाडल्या की तो स्पेअर. तिच्या पहिल्या चेंडूनं नऊ पडल्या आणि डाव्या कोपऱ्यातली एक उभी राहिली. ती हसत मागं वळली. "अहो, ही बया बघा कशी उभी आहे. थांबा, हिला पाडतेच." असं म्हणाली, आणि डोक्याला हात लावून खाली बसली.

काउंटरवर त्याच प्रशिक्षक बाई होत्या, दीक्षा कांबळे. तिशीच्या असतील. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. मी बूट ठेवले. त्यांनी ते ओळखले. मग वाकून खालच्या फळीवरून संयोगिताच्या चपला काढल्या. कापशीच्या कोल्हापुरी, लाल गोंड्याच्या, चालताना करकर वाजणाऱ्या.

"टाकवलं न्हाय सर आमच्यानं. आनी बघा की, ह्या फळीवर सगळ्यावर धूळ बसती. ह्यांच्यावर न्हाय. मी तर कधी पुसल्या न्हाईत."

चपला मी हातात घेतल्या. तळवे मऊ होते, नुकतेच कुणी पाय काढून घेतल्यासारखे.

दुपारचा हॉल रिकामा होता. एसीची थंड हवा, लाकडाला लावलेल्या तेलाचा वास, मागच्या यंत्राची झोप आणणारी घरघर. लांबवर, दिव्यांच्या खाली, पांढऱ्या पिना उभ्या होत्या. का कोण जाणे, मला तिथून निघवेना. तिचा राहिलेला डाव मला पुरा करता येईल का, असं मी विचारून बसलो. घाटावरचंही सांगितलं.

"आमच्यात कावळ्याबिवळ्याचं काय नसतंय सर," दीक्षा म्हणाल्या. "पर मागं राहिलेल्या माणसाचं मन मोकळं व्हावं, हे आमच्यातबी हाय. बसा. मी लावून देते."

त्यांनी पडद्यावर 'संयू' असं नाव टाकलं. आधीच्या फ्रेमचे आकडे भरले. शेवटच्या फ्रेमला नऊ, आणि पुढचा चौकोन रिकामा. यंत्र खाली आलं, वर गेलं. डाव्या कोपऱ्यात एकच पिन उरली. मानेभोवती दोन लाल रेघा, खांदे पडलेले. पाठमोरं उभं राहिलेलं माणूस वाटावं अशी.

मी चेंडू टाकला. तो वीतभर अंतरावरून गेला आणि मागच्या काळोखात पडला.

"पिनकडं बघितलासा की न्हाय?"

"मग कशाकडं बघू?"

"बाणाकडं. हे लाकडात बाण कोरल्यात ते कशाला, रांगोळी म्हणून? पिन कुठं पळून जात न्हाय सर. पिन लांब हाय, बाण जवळ हाय. डाव्या कोपऱ्याला मारायचं तर पाय उजवीकडं सरकवा, अंग तिकडं वळवा, आनी मधल्या बाणावरनं चेंडू जाऊ द्या. नजर बाणावर. हात सुटल्यावरबी बाणावरच."

ऐकायला सोपं होतं. पण हात सुटायच्या क्षणी माझी नजर उचलली जायची आणि चेंडू चुकायचा. चुकला की दीक्षा तीच मांडणी पुन्हा लावायच्या. मग बुधवारी दुपारी तिथं जाणं पुन्हा सुरू झालं. तिच्या चपला मी पिशवीत घालून सोबत न्यायचो आणि खुर्चीपाशी ठेवायचो. घरी एकट्या ठेवाव्याशा वाटत नसत.

हळूहळू मला काही गोष्टी लक्षात यायला लागल्या.

टाकलेला चेंडू खालच्या बोगद्यातून परत येतो, थंडगार. माझा परत यायचा तेव्हा त्याची बोटं घालायची भोकं कोमट असायची. पहिल्यांदा वाटलं, यंत्राची ऊब असेल. मग एकदा बोटं घातली आणि वेलदोड्याचा वास आला. संयोगिता खेळताना तोंडात वेलदोडा ठेवायची, नखानं सोलून. तिच्या बोटांना तोच वास असायचा.

आणि दुसरं म्हणजे, मी बाणाकडे बघत असलो की हॉल शांत असायचा. नजर उचलून पिनकडे नेली की मागून कुठून तरी बारीक आवाज यायचा... करकर... करकर... मी वळायचो. खुर्चीपाशी पिशवी तशीच बंद.

"दीक्षा, तुम्हाला काही ऐकू आलं?"

त्यांनी पिशवीकडे एकदा पाहिलं. मग नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाल्या, "पिनकडं बघू नका म्हणून सांगितलंय न्हवं, सर?"

मला भीती वाटत होती का? खरं सांगायचं तर नाही. त्या कोमट भोकांत बोटं घालून मी नको तितका वेळ उभा राहायचो. पिन पडली तर हे सगळं थांबेल, हेही मला कळत होतं. काही चेंडू मी चुकलो, काही चुकू दिले. पण आक्काचे फोन येत होते. संयू अजून घाटावर उभी आहे, पाण्याकडे बघते आहे, पावलं दुखतात म्हणते. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांना हव्या त्या हातानं वाढलं, तिला मी माझ्या सुखासाठी किती दिवस उभं ठेवायचं?

एका बुधवारी मी चपलांची पिशवी खुर्चीपाशी ठेवली आणि मनातल्या मनात घाटावर म्हणायला हवं होतं ते म्हटलं. संयू, तुझी पिन मी पाडतो. तू जा.

पाय उजवीकडे सरकवले. अंग वळवलं. मधल्या बाणावर नजर ठेवली, हात सुटला तरी ती हलू दिली नाही. चेंडू बाणावरून गेला. पुढं कुठं गेला ते मी पाहिलंच नाही. लांबून एक आवाज आला, कोरडा, एकटा, बंद दारावर एकदाच वाजवावं तसा.

"आयला, पाडली की सर!" दीक्षांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावरच्या रिकाम्या चौकोनात तिरकी रेघ उमटली. स्पेअर. मला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच इतकं रिकामं, की मी खुर्चीची पाठ धरली.

तेवढ्यात यंत्र पुन्हा खाली आलं. वर गेलं तेव्हा दिव्यांखाली नव्या कोऱ्या दहा पिना त्रिकोणात उभ्या होत्या, मागं चार आणि सगळ्यांपुढं एकच.

"हे काय?"

"शेवटच्या फ्रेमला स्पेअर झाला की एक चेंडू जादा मिळतोय," दीक्षा अजून हसत होत्या. "बक्षीस. टाका की."

मला हे माहीत नव्हतं. इतके बुधवार तिथं बसून माहीत नव्हतं. संयोगिताला शेवटच्या फ्रेममध्ये स्पेअर कधी झालाच नव्हता.

"आणि पिन पडली नसती तर?"

"तर काय, तिथंच डाव संपला असता."

खालच्या बोगद्यात घरघर झाली. चेंडू परत आला. मी टाकला होता तो लाल, जड. आलेला जांभळा होता, हलका, अरुंद भोकांचा. संयोगिता त्याच रंगाचा घ्यायची. तो घरंगळत येऊन थांबला आणि त्याची भोकं वर झाली.

दीक्षांचं हसणं थांबलं. "जांभळा तर मी आज काढलाच न्हवता..." त्या काउंटरकडे वळल्या आणि तिथंच थबकल्या. मी परत केलेले लाल-निळे बूट ज्या कप्प्यात होते तो कप्पा रिकामा होता.

मी खाली पाहिलं. खुर्चीपाशी पिशवी सपाट पडली होती. चपला पलीकडे होत्या, जिथून लाकडी पट्टा सुरू होतो त्या कडेला. जोडीनं काढून ठेवलेल्या, तोंडं बाहेरच्या बाजूला. परतताना पाय सरळ आत जावेत म्हणून ती नेहमी तशाच काढून ठेवायची.

"सर... टाका तो चेंडू. संपवा."

"माझी पाळी नाही," मी म्हणालो.

आम्ही काही उचललं नाही. दीक्षांनी तो पट्टा बंद असल्याची पाटी लावली. पडदा विझवला तरी 'संयू' हे नाव काही वेळ काचेवर दिसत राहिलं. जिना उतरताना दोघांनीही मागं पाहिलं नाही.

संध्याकाळी आक्काचा फोन आला. दुपारी जरा डोळा लागला होता म्हणाली. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

"विश्वा, संयू आता घाटावर न्हाय रं."

"गेली?"

"न्हाय. कुठल्यातरी लांबलचक जागेत हाय. खाली गुळगुळीत लाकूड. बारक्या पोरीवानी हासत्याय. डावा हात मागं न्हेलाय, हातात जांभळं काय तरी हाय..."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"आनी लांब, पार दुसऱ्या टोकाला, माणसं हुबी हायती. समदी पांढऱ्या कापडात. मागं चौघं, त्येंच्या म्होरं तिघं, त्येंच्या म्होरं दोघं. त्येंची तोंडं काय मला दिसंनात." आक्काचा आवाज आणखी खाली आला. "आनी समद्यांच्या म्होरं एकटा तू, विश्वा."

आक्कानं बोलिंग कधी पाहिलेलं नाही. घरात दिवा लावायचा राहिला होता. स्वयंपाकघराकडून वेलदोड्याचा वास येत होता, नुकताच सोललेला.

"तिनं टाकलं का ते, आक्का?" मी विचारलं.

"अजून न्हाय," ती म्हणाली. "नेम धरतीया."