भोंग्याची खोली

“फलाट क्रमांक एकवर खांबाला मिठी मारून उभ्या असलेल्या बाईंनी कृपया पिवळ्या रेषेच्या मागे यावे. गाडी येत आहे. खांब कुठेही जाणार नाही.”

भोंग्यातून शब्द आले आणि फलाटावरची सगळी डोकी एकदम वळली. ती खांबाला मिठी मारूनच उभी होती, खोटं कशाला बोला. खांबाचा घेर मोजायला तिने सुतळी मागून फिरवली होती आणि सुतळीचं दुसरं टोक काही केल्या हाती लागत नव्हतं. कानापर्यंत लाल होत ती मागे सरली. गाडी आली, माणसं चढली, गाडी गेली. ती मात्र तिथेच उभी.

शरमेपेक्षा मोठा धक्का तिला वेगळाच बसला होता. इतकी वर्षं हा आवाज ऐकत ती कामावर जात होती, आणि तिची पक्की समजूत होती की तो कुठेतरी एकदाच भरून ठेवलेला आवाज आहे. रोज उशिरा येणाऱ्या गाड्यांबद्दल एवढ्या गोडीने माफी मागणारा माणूस जिवंत असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

ती आवाजाच्या मागावर निघाली. जिन्याखाली, झाडू-बादल्या ठेवत असतील असं वाटावं अशा कोपऱ्यात, एक अरुंद दार होतं आणि शेजारी हातभर रुंदीची खिडकी. खिडकीत एक माणूस चष्मा पुसत बसला होता.

“तुम्हीच का ते? मला वाटायचं, आवाज भरून ठेवलेला आहे.”

“आवाजावरून ओळखलंत?” तो म्हणाला. तोच आवाज, फक्त भोंग्याची खरखर काढून घेतलेला… कानाशी आलेला.

“अहो, सगळ्या लोकांसमोर—”

“नाव घेऊन बोलावलं असतं. पण नाव माहीत नव्हतं, म्हणून खांबाची ओळख द्यावी लागली.” त्याने चष्मा चढवला. “मागच्या आठवड्यात तुम्ही बाक वितीने मोजलात. परवा जिन्याच्या पायऱ्यांशी काहीतरी पुटपुटत होतात. आज खांब. स्टेशन विकत घेताय का?”

“बांधतेय,” ती म्हणाली. “खेळण्यातल्या विटांचं. बाबांबरोबर.”

तो हसला नाही. हे तिने मनात टिपून ठेवलं.

“त्यात माझी खोली आहे?”

तिने घरचं विटांचं स्टेशन डोळ्यांसमोर आणलं. जिन्याखाली तिने सरळ भिंत धरली होती.

“नाही ना… वाटलंच मला,” तो म्हणाला. “मग तुमच्या स्टेशनात गाडी आल्याचं सांगतं कोण?”

ती दंतवैद्याच्या दवाखान्यामागे एका खोलीत बसून कवळ्या घडवायची. बाबा गवंडी. जन्मभर दुसऱ्यांची घरं उभी केली. गेल्या वर्षी झटका आला आणि उजवा हात रुसून बसला. डॉक्टर म्हणाले, बोटांना काम द्या. तिने प्लास्टिकच्या विटांची मोठी पेटी आणून दिली. बाबांनी काही दिवस पेटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग एक दिवस ती घरी येते तो काय, बादलीत विटा भिजत घातलेल्या.

“बाबा, प्लास्टिक आहे ते!”

“वीट भिजवल्याशिवाय लावत नाहीत. कोरडी वीट सिमेंटच्या मालातलं पाणी पिते.”

“यात माल कुठे आहे?”

“माल नसेल. शिस्त आहे.”

तेव्हापासून त्या घरात प्रत्येक वीट आधी बादलीत बुडायची, मग पिठाच्या चाळणीत निथळायची आणि मगच भिंतीत जायची. बाबा ती डाव्या हाताने उचलून उजव्यात द्यायचे, आणि उजवा हात थरथरत, आढेवेढे घेत, ती जागेवर बसवायचा. वरून चमच्याच्या दांड्याने एक टकोरा. जिने उतरता येत नसल्याने बाबांचं संध्याकाळी स्टेशनच्या बाकावर जाऊन बसणं बंद झालं होतं. म्हणून ठरलं, स्टेशनच घरी आणायचं. ते जेवणाच्या टेबलावर उभं राहत होतं आणि बापलेक ताटं मांडीवर घेऊन जेवत होते.

त्या रात्री जेवताना तिने जिन्याखालच्या खोलीचं सांगितलं. बाबांनी घास तोंडाशीच थांबवला. “म्हणजे भिंत उतरवायला हवी.”

“खिडकी लावू की एक. कुणाला कळतंय.”

“आतून न पाहिलेली खोली मी बांधत नाही,” बाबा म्हणाले. “मला जाता येत नाही. तू जा. त्या तुझ्या भोंग्याला विचार.”

“माझा काय म्हणून?”

बाबांनी घास तोंडात घातला आणि सावकाश चावत बसले.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना ती गेली. बारीक पाऊस होता. फलाटाच्या पत्र्यावर पाखरं चालावीत तसा त्याचा आवाज येत होता. त्याने तिला आत घेतलं, म्हणजे स्वतः उभा राहिला आणि तिला खुर्ची दिली. दोघं एकदम बसतील एवढी जागा तिथे नव्हतीच. माइकवर घडी घातलेला रुमाल होता.

“हा कशाला?”

“माझा श्वास ऐकू जाऊ नये म्हणून. लोकांना गाडी हवी असते, माणूस नको असतो.”

तिने सुतळी काढली. “खिडकी किती उंचावर धरू?”

“खुर्चीत बसल्यावर समोर तो बाक दिसेल, एवढी.”

“कुठला बाक?”

“तुम्ही बसता तो.”

ती मान खाली घालून भिंत मोजू लागली. भिंत एकदा मोजली, पुन्हा मोजली. दोन्ही वेळा माप निराळं आलं.

“लवकर बांधा,” तो म्हणाला. “महिनाअखेरीला ही खोली बंद होतेय. आवाज मोठ्या कचेरीतून येणार आहे. भरून ठेवलेला. तुमचीच समजूत खरी होणार.”

“आणि तुम्ही?”

“मोठ्या जंक्शनवर जागा आहे. आवाजाचंच काम, पण इथून दिवसभराच्या वाटेवर. नाहीतर इथेच तिकीट खिडकी. शुक्रवारपर्यंत कळवायचंय.” तो रुमालाची घडी उगाच नीट करत राहिला. “तुम्हाला काय वाटतं?”

तिच्या दातांत सुतळी होती. ती काढली, तरी शब्द येईना. शेवटी आला तो नको तोच. “चांगलंच आहे की… मोठं स्टेशन.”

“हो,” तो म्हणाला. “चांगलंच आहे.”

बाहेर पडल्या पडल्या तिने जीभ चावली. लोकांना नीट तोंड उघडता यावं म्हणून दिवसभर खपणाऱ्या बाईला स्वतःचं तोंड वेळेवर उघडता आलं नाही. आता याला काय म्हणावं?

घरी तिने सगळं सांगितलं. खिडकीची उंची, एकाच बाजूला मान फिरवणारा पंखा, रुमाल, खुर्चीचा झिजलेला हात, चष्मा पुसायची पद्धत…

“तू खोली सांगतेयस की माणूस?” बाबांनी विचारलं.

ती उठून भांडी घासायला गेली. त्या दिवशी भांडी फार मोठ्याने घासली गेली.

बाबांनी खोली बांधली. जुनी भिंत उतरवली, पुन्हा चढवली, ओळंबा लावून पाहिला. एक बाजू तेवढी त्यांनी अर्धवट ठेवली. तिने विचारलं तर म्हणाले, “काम संपलं नाही अजून. मालकाला दाखवल्याशिवाय संपत नाही. बोलाव त्याला.”

गुरुवारी संध्याकाळी तो आला. दारात बूट काढताना तोल गेला आणि त्याने चौकटीचा आधार घेतला.

“धरा, धरा,” ती म्हणाली. “चौकट कुठेही जाणार नाही.”

तो पहिल्यांदा मोकळा हसला. टेबलाशी आला आणि तसाच उभा राहिला. जिना, खांब, पत्रा, पिवळी रेष. मग गुडघ्यावर बसून त्याने हातभर खिडकीच्या नखाएवढ्या नकलेला डोळा लावला.

“बाक दिसतो,” तो हळूच म्हणाला.

बराच वेळ त्याने डोळा काढला नाही. उठल्यावर त्याचं लक्ष कडेच्या भिंतीकडे गेलं. “इथे विटा कमी पडल्या का?”

“कमी नाही पडल्या. दात सोडलेत,” बाबा म्हणाले. “भिंत पुढे वाढायची असेल तर गवंडी तिचं टोक सपाट करत नाही. एक वीट पुढे, एक मागे. उद्या शेजारी खोली उठवली की विटा एकमेकींत बसतात, जोड पक्का होतो. सपाट करून टाकली की संपलं.”

“म्हणजे इथे अजून एक खोली येणार आहे?”

“ते मला काय विचारता? मी गवंडी. खोली हवी की नको, हे राहणाऱ्यांनी सांगायचं. नको असेल तर तसं सांगा, चार विटा लावून आत्ता सपाट करतो.” आणि बाबांनी उजव्या हाताने एक वीट उचलली. डाव्याची मदत न घेता.

ती वीट भिंतीकडे निघालेली तिने पाहिली.

“थांबा, बाबा.” मग ती त्याच्याकडे वळली. “मी परवा खोटं बोलले. ते मोठं स्टेशन… असेल चांगलं. पण मला तुम्ही तिथे नको आहात. इथे हवे आहात.”

गाड्यांची उशिराची कारणं न अडखळता सांगणारा तो माणूस दोनदा घसा खाकरून मोकळा झाला.

“तिकीट खिडकीत भोंगा नसतो,” तो म्हणाला.

“मला ऐकू येईल. मी काही फार लांब उभी राहणार नाही.”

“तिथून बाकही दिसत नाही.”

“बाकावरची येईल की खिडकीपाशी. रुमाल मात्र मध्ये ठेवायचा नाही.”

“नाही ठेवणार,” तो म्हणाला. “उद्या कळवतो त्यांना. खरं सांगू? कुणी ‘थांबा’ म्हणतंय का, एवढंच ऐकायचं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांना मागे व्हा, पुढे व्हा सांगतोय… मला कुणी काही सांगितलंच नव्हतं.”

बाबांनी हातातली वीट चाळणीत परत ठेवली.

“झालं बोलून?” ते लेकीला म्हणाले. “मग उभी काय राहिलीस? विटा भिजत घाल.”

ती गेली. नळाखाली बादली लावली, भरली आणि दोन्ही हातांनी उचलून आणू लागली. तोच दारातून अगदी हळू, रुमालाशिवायचा आवाज आला, “बादली येत आहे. कृपया वाट मोकळी ठेवावी,” आणि बादलीच्या कडीला दुसऱ्या बाजूने त्याचा हात लागला.

मग तिने पेटीतल्या विटा ओंजळीओंजळीने पाण्यात सोडल्या. त्या वर तरंगायला लागल्या, तर दोघांनी मिळून हाताने खाली दाबून धरल्या. प्लास्टिक आहे, असं त्या दिवशी कुणी म्हणालं नाही.