लाल पेरांचा सावा

डोमाजी लांजेवारांची सकाळ खेकड्याचे दात घासण्यात जायची. हा खेकडा पत्र्याचा, सहा पायांचा, उन्हावर चालणारा. धानाच्या ओळींमधून तिरका तिरका फिरायचा, पोटाखालच्या डोळ्यानं एकेक रोप न्याहाळायचा आणि तण दिसलं की चिमट्यानं मुळासकट उपटायचा. चिमट्यात चिखल सुकला की मात्र रुसून बांधावर बसायचा. म्हणून रोज ओसरीवर जुना ब्रश, कोमट पाणी आणि डोमाजींची मांडी.

‘‘माहे पाय कधी असे चोळले नाही तुमी,’’ त्यांची बायको भागरताबाई म्हणायची.

‘‘तुले दोनच आहेत वं. याले सहा.’’

भागरताबाईचं धान म्हणजे चांदणकेस. भात शिजायला लागला की त्याच्या वासानं गोंदियाची बस थांबा नसतानाही त्यांच्या दारात थांबते, असं डोमाजी सांगत. बस खरं तर त्यांच्याच म्हशींमुळे थांबायची; पण थांबायची हे खरं. सात गावं या धानाचं बी तिच्याकडून न्यायची, कारण दुसरीकडे ते कुठेच उरलं नव्हतं.

खेकडा आला त्या पहिल्या हंगामातच घोटाळा झाला. भागरताबाई बियाण्यासाठी जोमदार रोपं हेरून त्यांच्या बुडाला लाल दोरा बांधायची. तिच्या आईची रीत. नेमकी अशीच उंच, दणकट रोपं खेकड्याला धान वाटेनात. त्यानं तिच्या लाडक्या तीन रोपांचा निकाल लावला. बाई नवऱ्याशी दोन दिवस बोलली नाही आणि खेकड्याशी महिनाभर. घाबरून डोमाजींनी यंत्राला शिकवलं : बुडाशी लाल दिसलं की ते रोप कसंही असो, चिमटा लावायचा नाही.

यंत्रानं हे वचन चौदा वर्षं पाळलं. वर्षाला दोन पिकं, म्हणजे अठ्ठावीस वेळा.

तोवर डोमाजींचे गुडघे गेले, भागरताबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. बांधावरून हात पोचेल तिथवर ती दोरे बांधायची. बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, आत पाऊल टाकायचं दोघांनी सोडलं होतं. खेकडा होता ना!

मग सात गावांतून तक्रारी आल्या : बियाण्यात सावा निघतोय, धानासारखंच दिसणारं तण. आणि एका सकाळी बीजघराची तपासनीस तृप्ती रहांगडाले वही घेऊन हजर झाली. या वेळी बांधीत तण सापडलं, तर चांदणकेसावर बीजघराचा शिक्का बसणार नव्हता. शिक्का नाही, तर ते बी कुणी पेरणार नव्हतं.

तृप्ती चिखलात उतरली आणि थबकली. ‘‘काकू, एवढे दोरे?’’

भागरताबाईनं डोळे बारीक केले. सगळीकडे तांबडंच तांबडं. ‘‘काऊन जी, तुमी बांधले?’’ तिनं डोमाजींना विचारलं.

‘‘मी? मले वाटलं, तूच बांधून रायली.’’

तृप्तीनं एक ‘दोरा’ सोडायला बोट घातलं. तो सुटेना. त्या झाडाचं पेरच लाल होतं, लग्नाच्या शालूसारखं. वर पिकलेली लोंबी डुलत होती, आणि धानाची लोंबी तर अजून पोटरीतून बाहेरही आली नव्हती.

‘‘हा सावा आहे, काकाजी.’’

‘‘सावा? अन् तो दोरा बांधायले शिकला?’’

‘‘शिकलं कुणीच नाही. हजार सावे उगवले, तर त्यांत दोन-चार जन्मतःच थोडे लालसर. खेकड्यानं बाकीचे उपटले, यांना सोडलं. मग बी उरलं ते यांचंच. पुढच्या पिकात लालसर जास्त. त्यांतही फिक्याला कधी चिमटा बसला, गडद वाचला. अठ्ठावीस वेळा असं झालं.’’

‘‘म्हंजे दोरा बांधून धान मी निवडलं,’’ भागरताबाई सावकाश म्हणाली, ‘‘अन् सावा यानं निवडला.’’

‘‘तेच. निवड म्हणतात ती हीच.’’

‘‘निळा दोरा बांधू!’’ डोमाजी म्हणाले.

‘‘बांधा. काही वर्षांनी निळसर सावा बघायला मीच येईन.’’

भागरताबाईनं लुगडं खोचलं आणि कुणाला न विचारता बांधीत उतरली. धानाच्या पानाला बुडाशी एक पातळ जिभली असते, साव्याला नसते. तिला डोळे कशाला हवेत? अंगठा फिरवायची, ओढायची. डोमाजी गुडघ्यांना शिव्या देत मागोमाग उतरले. तृप्तीनं वही बांधावर ठेवली. खेकडा मात्र उपटलेला प्रत्येक लाल सावा, चिमटा न लावता, पायांनी रेटून परत उभा करू पाहत होता. शेवटी डोमाजींनी त्याला उलटा करून ठेवला.

चार दिवसांत बांधी स्वच्छ झाली. बांधावर साव्याचा ढीग लागला.

‘‘आता हा जाळायचा, मग शिक्का,’’ तृप्ती म्हणाली.

भागरताबाईनं एक लोंबी तळहातावर चोळली. ‘‘पोरी, सावा पिकला का दाने गळतात. हे गळून नाही रायले. अन् कसे भरले, पाह्य तं!’’

तृप्तीनं लोंबी झटकून पाहिली. एक दाणा पडला नाही. ‘‘गळले ते चिखलात गेले. ज्यांनी दाणे धरून ठेवले, ते धानाबरोबर कापले गेले, तुमच्या कोठीत राहिले, पऱ्ह्यात, रोपांच्या वाफ्यात, पेरले गेले. तुम्हीच वाढवलं त्यांना, काकू. लेकरासारखं.’’

भागरताबाईनं मूठभर दाणे कांडले आणि चुलीवर ठेवले. भगरीसारखं मऊ, किंचित गोडसर काहीतरी शिजलं. तिघांनी एकाच ताटात खाल्लं. डोमाजींनी तीनदा घेतलं.

तृप्तीनं वही उघडली. रकाने दोनच : पीक आणि तण. तण लिहिलं, तर दाणा न् दाणा जाळायचा आणि चांदणकेस वाचणार. पीक लिहिलं, तर बांधीत दोन पिकं मिसळलेली, शिक्का गेला.

‘‘काकू, कुठं लिहू?’’

भागरताबाईनं ताट पुसून घेतलं. ‘‘माह्या चांदणकेसाचं पयलं झाड कोन्या बाईच्या बांधीत असंच न बोलावता उगवलं असन ना, पोरी? तिच्या हाती तुही वही असती, तर तिनं कुठं लिहिलं असतं?’’