कमलताईंचं रिकामं कार्ड

"आत जाऊन विचारायचं काय, ते तरी आधी ठरवा," ऋता म्हणाली. "तिघं एकदम बोलायला लागलो, तर काउंटरवाली बाई आपल्याला हाकलून देईल."

"बोलणार मी," क्षितिज म्हणाला. "माझं बंगाली तुमच्यापेक्षा चांगलं आहे."

"आणि मराठी सगळ्यात वाईट," सलील म्हणाला.

दोन दिवसांत सलील पहिल्यांदाच असं काही बोलला होता, म्हणून बाकीचे दोघं जरा जास्तच हसले. कोलकात्यातल्या एस्प्लनेड भागातल्या त्या भल्यामोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानासमोर ते उभे होते. मे महिन्याचं ऊन होतं, शर्ट पाठीला चिकटले होते आणि क्षितिजच्या हातात त्याच्या आईचा फोन होता. तो संध्याकाळपर्यंत जपून परत आणायचा, अशी तंबी मिळालेली होती.

प्रकरण असं होतं. कमलताई बावीस वर्षं दर रविवारी महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये मुलांना मराठी शिकवत होत्या. कोलकात्यात जन्मलेली क्षितिजसारखी मुलं 'ळ' म्हणायला शिकली ती त्यांच्याकडे. आता त्या कायमच्या मुलाकडे नागपूरला निघाल्या होत्या. शनिवारी हावड्याहून गाडी होती. मंडळानं वर्गणी काढून त्यांना या दुकानाचं गिफ्ट कार्ड दिलं. त्यातून त्या मोठ्या पडद्याचा टॅबलेट घेणार आणि रविवारचा वर्ग नागपूरहून चालू ठेवणार, असा बेत होता. रविवारी निरोपसमारंभ झाला, फोटो झाले, डोळे पुसून झाले. सोमवारी कमलताई टॅबलेट घ्यायला गेल्या, तर कार्डात काहीच नव्हतं.

कार्ड विकत आणलं होतं मुकुंदकाकांनी, म्हणजे सलीलच्या बाबांनी. निरोपसमारंभापर्यंत ते त्यांच्याच कपाटात होतं. मग काय, मंडळातली मोठी माणसं उघड काही बोलली नाहीत, पण गप्प बसून जेवढं बोलता येतं तेवढं बोलली. त्याच रात्री मुकुंदकाकांनी आपल्याकडे असायच्या त्या हॉलच्या किल्ल्या परत पाठवून दिल्या. ते घरात जेवत नाहीत, असं सलीलनं सांगितलं होतं.

कार्ड मुलांनी कमलताईंकडून मागून आणलं होतं. काउंटरवरच्या ताईंनी क्षितिजचं बंगाली शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली. कुणी खरेदी केली ते दुकान सांगू शकत नव्हतं. "पण कार्ड तुमच्याकडे आहे ना? मग आमच्या वेबसाइटवर जा. शिल्लक बघायचं पान आहे. कार्डाचा नंबर आणि मागचा पिन टाकला की कधी वापरलं तेही दिसतं."

"एवढं सोपं होतं?" सलील म्हणाला. "आणि कुणी बघितलंच नाही?"

बाहेर येऊन सरबतवाल्याच्या छत्रीखाली त्यांनी ते पान उघडलं. सलीलनं आकडे वाचले, क्षितिजनं टाकले. पडद्यावर एकच ओळ आली. समारंभाच्या आधीचा सोमवार, दुपारचे दोन वाजून सतरा मिनिटं, ऑनलाइन खरेदी.

"सोमवारी दुपारी बाबा ऑफिसात होते," सलील घाईघाईनं म्हणाला. "गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसात मोठ्या साहेबांची मीटिंग होती. चाळीस माणसं साक्षीला आहेत."

"थांब, त्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर काय चाललं होतं ते बघू," क्षितिज म्हणाला आणि मागे मागे जायला लागला. "दत्तात्रयकाका. दत्तात्रयकाका. हेही दत्तात्रयकाका. हा माणूस जेवतो कधी?"

दत्तात्रयकाका म्हणजे ग्रुपचे सवलतसम्राट. कुठे काय स्वस्त आहे, कुठला कोड टाकला की किती सूट मिळते, हे दिवसभर टाकत राहायचे. बँकेच्या पॉइंटांवर मिळालेली गिफ्ट कार्डंही ते सरळ ग्रुपवर टाकून द्यायचे. 'जो आधी टाकेल त्याचं,' एवढंच खाली लिहायचे. मंडळातल्या अर्ध्या घरांत पिठाच्या चाळणीपासून पंख्यापर्यंत सगळं दत्तात्रयकाकांच्या कृपेनं आलेलं होतं.

"हे बघा," क्षितिज एकदम हळू आवाजात म्हणाला.

ऋषिकेशकाकांचा संदेश होता. ऋषिकेशकाका मंडळाचे कार्यवाह. प्रत्येक पावतीचा फोटो ग्रुपवर टाकायची त्यांची पद्धत, म्हणजे उद्या कुणी संशय घ्यायला नको. त्या सोमवारी मुकुंदकाका ऑफिसला जाताना त्यांना कार्ड दाखवून गेले असणार. कार्यवाहांनी कार्डाचा पुढून फोटो काढला, मग मागची पट्टी नाण्यानं नीट खरवडली आणि पिनसकट मागचाही फोटो काढला. खाली लिहिलं, 'सर्व सभासदांनी पाहून घ्यावे.' ग्रुपवर टाकल्याची वेळ, दुपारी एक वाजून बावन्न.

"दोनशे माणसांना पिन दाखवला," क्षितिज म्हणाला. "ओ मा. हे कार्यवाह आहेत?"

सलील हसत होता. डोळे भरले होते तरी हसत होता. "बाबा नव्हते. मी म्हटलं होतं ना ऋता, बाबा नव्हते."

ऋतानं मान डोलावली. हातातलं सरबत तिनं तसंच गाडीवर ठेवून दिलं.

तिला तो सोमवार आठवला होता. ती लॅपटॉपवर याच दुकानाच्या वेबसाइटवर वॉटर फिल्टर बघत बसली होती आणि आई स्वयंपाकघरातून फोन घेऊन आली होती. "ऋता, ग्रुपवर कसला तरी कोड आलाय बघ. दत्तात्रयभावजी आज जोरात आहेत. टाक पटकन, नाहीतर दुसरं कुणीतरी टाकेल." आईला चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून तिनं फोटो मोठा केला होता. पडद्यावर नुसते आकडे उरले होते. आईनं वाचले, ऋतानं टाकले. आधी सोळा, मग आणखी सहा. फिल्टर जवळजवळ फुकट पडला. दोघींनी टाळी दिली होती.

आता सांगावं, असं तिला वाटलं. पण सलील तिच्याकडे बघून हसत होता.

"आता चोर शोधायचा," सलील म्हणाला. "मला माहितीये कसं ते. आपण पाठवलेल्या संदेशावर बोट दाबून धरलं, की तो कुणी किती वाजता वाचला ते दिसतं. पण ज्यानं पाठवला त्यालाच दिसतं. ऋषिकेशकाकांचा फोन पाहिजे."

मेट्रोत ऋता डोळे मिटून दाराला टेकून उभी राहिली. उन्हानं डोकं दुखत असेल, असं म्हणून क्षितिजनं तिला बसायला जागा दिली. त्याच्या चांगुलपणानं तिला आणखीच रडू यायला लागलं.

मंडळाच्या हॉलमध्ये कमलताईंच्या पुस्तकांची बांधाबांध चालू होती. ऋषिकेशकाका खोक्यांना चिकटपट्टी लावत होते, कमलताई खुर्चीवर बसून नावं सांगत होत्या, आणि ऋताची आई, मंजुषा, पुस्तकं पुसून देत होती. सलीलनं धडाधड सगळं सांगितलं. ऋषिकेशकाकांनी आपलाच संदेश तीनदा वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मी तर पारदर्शक कारभार म्हणून..." ते म्हणाले आणि त्यांनी फोन सलीलच्या हातात दिला.

"दोन सतराच्या आत पाच जणांनी वाचलंय," सलील म्हणाला आणि एकेक नाव वाचायला लागला. "सुनीतीआजी. त्या फोनवर फक्त नातवाशी बोलतात. दत्तात्रयकाका. ते असतील? मग मंजुषामावशी." तो थांबलासुद्धा नाही. "मावशी असं कधी करणार नाहीत. पुढचे..."

"मी केलं," ऋता म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मग ती थांबलीच नाही. फिल्टर, लॅपटॉप, सोळा आकडे, वरचे सहा, टाळी, सगळं तिनं एका दमात सांगितलं. आईच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"आकडे मीच वाचले," आई म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "अगं बाई. आणि परवा फोनवर मीच म्हणाले, की मुकुंदरावांकडून असं..." तिनं तोंडावर हात ठेवला.

पुढे जे झालं ते ऋताला अजिबात नको होतं. ऋषिकेशकाकांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "शाबास. पोरं असावीत तर अशी. चूक कबूल करायला धाडस लागतं." कमलताईंनी तिला जवळ घेतलं. फिल्टरचे पैसे ऋताचे बाबा भरतील, उद्याच नवीन कार्ड आणू, टॅबलेट शनिवारच्या आत येईल, असं भराभर ठरलं. ऋषिकेशकाकांनी ग्रुपवर लिहिलंही, 'कार्डाबाबतचा गैरसमज दूर झाला आहे. आपल्या मुलांचे कौतुक.' मुकुंदकाकांचं नाव त्यात कुठेच नव्हतं.

ऋतानं वळून पाहिलं, तर सलील निघून गेला होता.

"त्याला जाऊ दे थोडा वेळ," क्षितिज म्हणाला. तोही तिच्याकडे नीट बघत नव्हता.

ऋता आणि आई बसनं गार्डन रीचला परत आल्या. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये सलीलचं घर त्यांच्या समोरच्याच इमारतीत होतं. आई जिन्याशी थांबली. "माझं नाही धाडस होत गं," ती म्हणाली. मग स्वतःच पुढे झाली आणि तिनं बेल वाजवली.

दार मुकुंदकाकांनी उघडलं. दाढी वाढलेली, घरचा सदरा. आतल्या खोलीच्या दारात सलील भिंतीला टेकून उभा होता.

आईनं माफी मागितली. बोलता बोलता तिला रडू फुटलं. मुकुंदकाका "अहो वहिनी, असू द्या, होतं असं" एवढंच म्हणाले. मग ते ऋताकडे वळले.

"ऋता, एक विचारू? परवा कार्ड रिकामं निघालं तेव्हा तुला काय वाटलं होतं? कुणी केलं असेल?"

'माहीत नाही' म्हणायला किती सोपं होतं. सलील तिकडूनच बघत होता. दोन दिवस ती त्याच्याबरोबर हिंडली होती, 'तुझे बाबा असं करणारच नाहीत' असं पुन्हा पुन्हा म्हणाली होती.

"तुम्ही," ऋता म्हणाली. "मला वाटलं, पैसे तुम्हीच घेतले असतील."

मुकुंदकाका एक पाऊल पुढे आले. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"शहाणी आहेस," ते म्हणाले. "सगळ्यांना तसंच वाटलं होतं. पण माझ्या तोंडावर तू एकटीनंच सांगितलंस."

सलील आतल्या खोलीत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.