कापलेला बेस

ही गोष्ट माझ्या मामेबहिणीच्या बाबतीत घडलेली आहे. तुम्ही विश्वास ठेवाच असा आग्रह नाही. पण तिला खोटं बोलता येत नाही, हे आमचं अख्खं घर सांगेल. भांडता मात्र उत्तम येतं.

भुताची गोष्ट म्हटलं की अमावस्या, वादळ, गेलेली वीज...

यातलं काहीही नव्हतं.

शनिवारची भर दुपार होती. एका फर्निचरच्या दुकानाखालचं तळघर. तिथे तिच्या बँडची प्रॅक्टिस चालायची. सगळ्या ट्यूबलाइट चालू होत्या.

माझी ही बहीण बेस गिटार वाजवते. आवाजही तसाच जाड, म्हणून बँडमधले सगळे तिला 'खर्ज' म्हणतात.

तिचा बेस तिच्या मोठ्या भावाने, आमच्या दादाने, स्वतःच्या हातांनी बनवलेला. दादा वाद्यं घडवायचा. खर्ज अंगाने बारकी, आणि बेसची मान ही लांबलचक. दुकानातला बेस गळ्यात घातला की मान खाली कलायची. तिला वाजवू की सावरू, असं व्हायचं. म्हणून दादाने वरचं शिंग लांब काढलं, पट्टा पार पुढे अडकवला आणि खाली लाकडाचं चांगलं जड पोट ठेवलं.

दिसायला ध्यान होतं ते! लोक विचारायचे, "हा बेस आहे की सुजलेला बूट?"

पण गळ्यात घातला की तराजूसारखा स्थिर. आणि सगळ्यात खालचा सूर छेडला की घुमत राहायचा... घुमत राहायचा... फरशीतून तळपायांना कळायचा.

दादा मागच्या हिवाळ्यात गेला. काम करता करताच, हातात कानस होती.

त्यानंतर काही महिन्यांनी खर्जचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. बेस तळघरातच राहिला. त्या शनिवारी ती पहिल्यांदाच परत आली, पेटी उघडली...

आत तिचा बेस नव्हता.

म्हणजे होता. पण पोट गायब. लांब शिंग गायब. चहूबाजूंनी अणकुचीदार टोकं कोरलेली, वर काळाकुळकुळीत रंग.

"सरप्राईज!" बँडचा लीड गिटारवाला म्हणाला. त्याला सगळे हिरो म्हणायचे, आणि त्यालाही ते खरं वाटायचं. "व्हिडिओ शूट आहे ना आपलं. माझी गिटार टोकदार, तुझा तो भोपळा. फ्रेममध्ये कसं दिसलं असतं? वरच्या दुकानातून मशीनवर कापून घेतला."

"कोणाला विचारून?"

"अगं, तू हॉस्पिटलमध्ये होतीस."

"माझं अपेंडिक्स काढलं होतं, जीभ नाही! फोन करता येत नव्हता?"

ड्रमर मध्ये पडायला गेला. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो पुन्हा खाली बसला.

"कापलेलं लाकूड कुठंय?"

हिरो खांदे उडवत म्हणाला, "जाळलं असेल त्यांनी. इलेक्ट्रिक आहे गं तो. आवाज तारेखालच्या पिकअपमधून येतो. आकार म्हणजे नुसती शोभा."

खर्जने बेस गळ्यात घातला. मान धाडकन खाली आली. टाके ओढले गेले, डोळ्यांत पाणी आलं. तरी तिने वायर जोडली आणि सगळ्यात खालचा सूर छेडला.

सूर निघाला... आणि तोंडावर कोणीतरी हात दाबावा तसा विझला.

पुन्हा छेडला. पुन्हा तेच.

"ऐकलंस?" तिचा आवाज कापत होता, पण रडण्याने नव्हे. "माझ्या भावाने पुरं केलेलं हे शेवटचं काम होतं. हात तुटायला हवे होते तुझे!"

तिने वायर उपटली, बेस कोपऱ्यात टेकवला.

आणि मग...

खर्र... खर्र...

"वर दुकानात काम चालू असेल," ड्रमर पुटपुटला.

दुकान शनिवारी बंद असायचं.

आवाज ॲम्पमधून, म्हणजे बेसच्या स्पीकरमधून, येत होता. त्याला काहीच जोडलेलं नव्हतं. ड्रमरने जाऊन स्विच बंद केला. लाल दिवा विझला.

खर्र... खर्र...

दोन लांब ओढी. एक आखूड. मग थांबून फुंकर.

खर्जने तो आवाज लगेच ओळखला. कानस चालवायची ही पद्धत ऐकत ती लहानाची मोठी झाली होती. भुसा उडवायला दादा अशीच फुंकर मारायचा.

हिरोने मात्र एकदम मानेवर हात मारला आणि वळून पाहिलं.

मागे भिंत होती.

"कोण... कोणी फुंकलं?"

आवाज थांबला. ताज्या कापलेल्या लाकडाचा वास सुटला. हिरोने घाईघाईने आपली गिटार उचलायला पेटी उघडली. कुलूप त्याचंच, किल्ली त्याच्याच खिशात.

गिटारचं एक टोक नव्हतं.

तुटलेलं नव्हतं. गोल झालं होतं. इतकं गुळगुळीत, की हात फिरवावासा वाटावा. आणि पेटीत भुशाचा एक कणही नाही.

"तू केलंस हे!" तो किंचाळला.

"माझे अजून टाके काढलेले नाहीत, मूर्खा!"

तिला खरं तर तेव्हा भीती वाटायला हवी होती. पण ती मला म्हणाली, "खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. आतून थंड वाटलं."

हिरो गिटार घरी घेऊन गेला. दुसरं टोक घरी झिजलं. मग तिसरं. काही दिवसांत हिरोच्या आईचा खर्जला फोन आला. "बाई गं, आमच्याकडे दिवसाढवळ्या कोण घासतंय? भिंतीला कान लावला तर पलीकडून येतं. पलीकडे गेलं तर अलीकडून..."

शेवटी ती गिटार वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी झाली. हिरोने ती नेऊन फेकून दिली.

घासणं थांबलं नाही.

एके दिवशी तो खर्जच्या दारात उभा राहिला. हात खिशात. आत आला आणि दोन्ही पंजे तिच्यापुढे धरले.

गिटारवाल्यांच्या बोटांना घट्टे असतात. ते नव्हते. रेषाही नव्हत्या. बोटांची टोकं पॉलिश पेपर मारल्यासारखी चकचकीत होती.

"दुखत नाही," तो रडत म्हणाला. "काहीच कळत नाही या बोटांना. तार धरलीय की नाही, तेही नाही. तू सांग ना तुझ्या दादाला. तुझं ऐकेल तो. मी चुकलो गं, मी पाया पडतो."

खोलीत लाकडाचा वास सुटला होता. खर्जच्या अगदी जवळ, कानाशी, कोणीतरी थांबलं होतं. विचारत असल्यासारखं.

"'दादा, पुरे.' एवढंच म्हणायचं होतं," ती मला म्हणाली. "शब्द ओठांवर आले होते."

"मग?"

"मग मला आठवलं, 'नुसती शोभा' म्हणताना तो कसा हसला होता ते."

ती काहीच बोलली नाही.

आणि तिच्या कानाशी हलकीच फुंकर आली.

हिरो तसाच निघून गेला. बँड मोडला. खर्ज आता दुसऱ्यांबरोबर वाजवते, दुकानातून आणलेल्या साध्या बेसवर. बरं वाजवते. हसते, बोलते, पूर्वीसारखी भांडते.

काल तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सहज म्हणाली, की हिरोची आई भेटली होती. तो घराबाहेर पडत नाही. त्याच्या मोबाईलचं कुलूप चेहरा पाहून उघडायचं ना...

तो मोबाईल आता त्याला ओळखत नाही.

मी तिला म्हटलं,

"अगं, आता तरी म्हण ना. दादाला सांग, पुरे."



ती म्हणाली, "चल, ठेवते. प्रॅक्टिसला उशीर होतोय."