मनगटावर न चालणारं घड्याळ

ही घटना खरी आहे. रचलेली असती तर मी जरा बरी रचली असती. निदान रात्र तरी घातली असती.

पण हे घडलं बुधवारी, दुपारी पावणेदोनला. भर उजेडात. दाताचा दवाखाना आणि झेरॉक्सचं दुकान यांच्या मधोमध एक घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, तिथे. शेजारी कोणाचा तरी दात काढत होते आणि तो माणूस विव्हळत होता. भयाण वातावरण म्हणाल तर एवढंच.

जिच्यासोबत घडलं ती माझी मावसबहीण. त्या दुकानातली सगळी बारीक कामं तीच करते, म्हणून घरात तिचं नाव चिमटा. स्वभावालाही बसतं.

तिचा दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, लिफ्ट दुरुस्त करायचा. त्या बुधवारी त्याला जाऊन एकोणीस दिवस झाले होते.

तो लिफ्टच्या डब्यावर उभा राहून काम करत होता. खाली कोणीतरी स्विच सुरू केला. डबा वर गेला.

वर छत होतं.

कंपनीने घरी कागद पाठवला. ‘मयताने पाटी न लावता काम सुरू केले. अपघात मयताच्या निष्काळजीपणामुळे झाला. आम्हांस हे मान्य आहे.’ खाली सुपरवायझरची सही. त्याच्या शेजारी मावशीच्या सहीसाठी रिकामी जागा, पेन्सिलीने फुली मारून ठेवलेली. म्हणजे म्हाताऱ्या बाईला शोधायला नको.

पाटी म्हणजे ‘वर माणूस आहे, स्विचला हात लावू नये’ असं लिहिलेला पत्रा. दादा जेवायला बसताना सुद्धा हात पुसून दोनदा बघायचा. तो पाटी विसरेल?

मावशीने सुपरवायझरला फोन करून विचारलं, “त्याच्या हातातलं घड्याळ कुठंय हो?”

“घड्याळ नव्हतं, मावशी. आणि मी तिथे नव्हतोच. मी गावाच्या दुसऱ्या टोकाला होतो.”

आता लपवून काय उपयोग. मावशीला मीच म्हणालो होतो, “सही करून टाक. तो काही परत येणार नाही. विषय मिटेल.”

चिमट्याने माझ्याकडे पाहिलं. “तुझ्या तोंडाला पाटी लावायला हवी,” एवढंच म्हणाली. मग माझ्याशी बोलणंच बंद.

तर बुधवार. दुकानाचे मालक जेवायला गेलेले. एक गृहस्थ आत आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी काउंटरवर रुमाल ठेवला आणि उलगडला.

चिमट्याच्या हातातलं भिंग खाली पडलं.

कारण तसं घड्याळ आख्ख्या शहरात एकच होतं. त्याला काटेच नव्हते. काळी तबकडी, रात्रीच्या आभाळासारखी. मध्याभोवती फिरणारी मसुराएवढी तांबडी गोळी, तो मंगळ. तो बारा तासांत एक फेरी मारणार, तो सांगणार किती वाजले. कडेने फिरणारं तांदळाएवढं पांढरं यान. ते तासाला एक फेरी मारणार, ते सांगणार मिनिटं. दादाला वेळ विचारली की तो आधी मंगळ शोधायचा, मग यान, मग हिशोब करायचा. तोवर बस निघून गेलेली असायची.

हे घड्याळ त्याने भंगारात, मेलेलं, विकत घेतलं होतं. चिमट्याने सात आठवडे खपून जिवंत केलं आणि त्याच्या वाढदिवसाला दिलं.

“तीन दुकानांनी हात वर केले,” गृहस्थ म्हणाले. “शेवटचा म्हणाला, इथे एक बाई आहे, असली ध्यानं तीच उघडते.”

“काय होतंय?”

“उलटंच आहे सगळं. हातात घातलं की बंद पडतं. काढून ठेवलं की चालतं.”

चिमट्याने पावतीपुस्तक पुढे ओढलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या घड्याळाला किल्ली देता येत नाही. आत अर्धचंद्राच्या आकाराचं एक वजन असतं. हात हलला की ते फिरतं, आणि त्यावर स्प्रिंग भरते. हातात असलं तर चालतं. काढून ठेवलं तर दीड दिवसात बंद.

हे हातात बंद पडत होतं. आणि टेबलावर चालत होतं.

“कधीपासून वापरताय?”

“माझंच आहे. असतील सात वर्षं.”

तिने पावतीवर लिहिलं. सात वर्षं. “सही करा.”

त्यांनी सही केली. चिमट्याने ती सही पाहिली. घरी कागद आल्यापासून ती रोज तीच सही बघत होती, पेन्सिलीच्या फुलीच्या शेजारची.

“कधी मिळेल?” त्यांनी विचारलं. “तसं दोन मिनिटांचं काम असेल.”

आता शंकाच उरली नाही. दादा रोज जेवताना या माणसाची नक्कल करायचा. दोन मिनिटांचं काम आहे. दोन मिनिटांत काय होतंय. कामगारांनी त्याचं नावच ठेवलं होतं, दोनमिनिटे साहेब.

“शनिवारी या,” ती म्हणाली.

आवाज कापला नाही. तिला वाटलं होतं कापेल. रागाने आवाज अगदी सरळ होतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

तो गेल्यावर तिने घड्याळाचं मागचं झाकण उघडलं.

दुरुस्ती करणाऱ्यांची एक पद्धत असते. घड्याळ उघडलं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक खूण कोरायची, तारीख घालायची. पुढच्या कारागिराला कळावं म्हणून. गिऱ्हाइकाला ती कधीच दिसत नाही.

तिची खूण तिथेच होती. छोटासा चिमटा. अकरा महिन्यांपूर्वीची तारीख.

झाकण तिने हिरव्या कापडावर पालथं ठेवलं. टेबलावरून हात काढले.

आणि आतलं वजन फिरलं…

घर्र. घर्र. घर्र.

थांबलं.

पुन्हा तीनदा.

थांबलं.

टेबल हलत नव्हतं. रस्त्यावर गाडी नव्हती. तिने पंखा बंद केला.

तीनदा. मग शांत.

दादाची एक खोड होती. भांडायच्या आधी तो मनगट तीनदा झटकायचा. मावशी म्हणायची, “सरका, राग भरतोय तो.”

तुम्ही-आम्ही पळालो असतो. चिमटा चिडली.

“मेलास तरी तुझं हेच,” ती घड्याळाला म्हणाली. “नुसतं झटकायचं. काय ते बोल ना सरळ. तिकडे आईला रोज फोन येतो, सही केली का, सही केली का. आणि तू इथे घर्र घर्र करत बसलायस.”

वजन थांबलं.

त्या दुकानाच्या भिंतीवर एकतीस घड्याळं आहेत. इतकी वर्षं ऐकून तिला ती ऐकू येईनाशी झाली होती. आता तिच्या लक्षात आलं…

की ती खरंच ऐकू येत नव्हती.

एकतीसच्या एकतीस बंद. शेजारचा दातवालाही गप्प.

मग पालथ्या झाकणाखालून आवाज आला.

खर्र… खर्र…

पत्र्यावर सुई ओढल्यासारखा.

बराच वेळ चालला. दादाचं लिखाण पहिल्यापासून सावकाश.

आवाज थांबल्यावर तिने झाकण उलटं केलं. तिच्या खुणेखाली नवी, चकचकीत ओरखड्यांची ओळ होती. भिंगातून वाचावी लागली. अक्षर घाणेरडं. वेलांट्या सगळ्या उलट्या बाजूला कललेल्या. दादाचंच.

‘पाटी लावली होती.’

बस, एवढंच. ‘कोणी मारलं’ नाही, ‘का मारलं’ नाही, निरोप नाही, ‘आईला सांभाळ’ नाही. माणूस मरणाच्या पलीकडून परत आला होता, तो कागदावरचं एक वाक्य खोडायला.

चिमटा तिथेच स्टुलावर बसून रडली. रडणं संपल्यावर तिने दोन फोन केले. एक कामगार खात्याच्या चौकशी अधिकारी बाईंना. दुसरा मला.

“शनिवारी अकराला ये,” म्हणाली. “ये आणि बघ.”

म्हणून पुढचं मी स्वतः पाहिलेलं आहे.

शनिवारी मी कोपऱ्यात उभा होतो. अधिकारी बाई गिऱ्हाइकाच्या स्टुलावर, मांडीवर पर्स घेऊन. दोनमिनिटे साहेब आले. चिमट्याने घड्याळ पुढे केलं.

“घालून बघा.”

त्यांनी पट्टा बांधला. कानाला लावलं. “काय हो, पुन्हा बंद. तीन दिवस केलंत काय?”

“साहेब,” चिमटा म्हणाली, “पाटी कुठंय?”

“कसली पाटी?”

“माझ्या दादाने लावलेली.”

त्यांनी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. नाक दादासारखंच आहे तिचं.

“तुमचा काहीतरी गैरसमज होतोय,” ते म्हणाले. “मी तिथे नव्हतोच.”

घर्र. घर्र. घर्र.

त्यांचा हात काउंटरवर पसरलेला होता. अजिबात हलत नव्हता. तरी तबकडीवरचा मंगळ सरकला… मग पळायला लागला. यान तर दिसेनासं झालं, नुसती पांढरी रेघ. तास मिनिटात संपत होता. साहेबांनी पट्टा ओढला. सुटेना. दातांनी ओढला. मनगटाभोवतीची कातडी पांढरी पडली, मग जांभळी.

आणि दुकान पुन्हा गप्प झालं. एकतीस घड्याळं. मी मोजली नाहीत, पण कळतं ते.

“काढा हे,” साहेब म्हणाले. “बाई, काढा. हात जातोय माझा.”

चिमट्याने पक्कड उचलली. बघितली. परत खाली ठेवली.

“काढते की,” ती म्हणाली. “दोन मिनिटं थांबा.”

मी आयुष्यात कोणाला इतक्या शांतपणे रागावलेलं पाहिलेलं नाही.

दोन मिनिटं फार असतात. तुम्ही कधी बघा मोजून.

“पाटी माझ्या गाडीत आहे,” साहेब म्हणाले. “डिकीत. मीच काढली. सातव्या मजल्यावरचे लोक ओरडत होते, लिफ्ट द्या, लिफ्ट द्या. मला वाटलं तो उतरला असेल. मला वाटलं, दोन मिनिटांत…”

पट्टा आपोआप सुटला. घड्याळ काउंटरवर पडलं. मंगळ अकरावर, यान चौदावर. बरोबर वेळ.

अधिकारी बाईंनी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. त्यांनी फक्त लिहून घेतलं, पावती मागितली, आणि त्याला म्हणाल्या, “चला, डिकी उघडा.”

डिकीत पत्रा होता. सुट्या टायरखाली.

नवा कागद आला. त्यात निष्काळजीपणा आहे, पण दादाचा नाही. त्यावर मावशीने सही केली. फुली लागली नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

घड्याळ काही केल्या थांबेना. मावशीच्या कपाटात रात्रंदिवस घर्र घर्र. शेवटी चिमट्याने ते उघडून आतली स्प्रिंगच काढली. “बास आता. झोप,” म्हणाली. तेव्हा कुठे थांबलं.

ती स्प्रिंग तिने एका गोळ्यांच्या डबीत घातली आणि माझ्या हातात दिली.

“मला कशाला?”

“तुला माहितीये.”

बाहेर काढलेली स्प्रिंग सैल असते. उलगडून ऐसपैस पडते, केसासारखी. डबीत घातली तेव्हा तशीच होती. मी पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबी उघडली. तिला एक वेढा बसला होता.

तिसऱ्या दिवशी दोन.

मी उलगडून ठेवतो. सकाळी ती पुन्हा गुंडाळलेली असते, आदल्या दिवसापेक्षा एक वेढा जास्त. परवा मी दार लावून डबीला चक्क म्हणालो, “दादा, चुकलं माझं. मी सही कर म्हणायला नको होतं.” स्वतःचंच हसू आलं.

सकाळी दोन वेढे वाढले होते.

काल चिमट्याला फोन केला. “नऊ वेढे झालेत. पूर्ण भरायला अजून किती?”

“मग एकच राहिला.”

“आणि पूर्ण भरल्यावर?”

मागे तिच्या दुकानातली घड्याळं ऐकू येत होती.

“भरली की सुटते,” ती म्हणाली.

डबी आता समोर टेबलावर आहे. मी मोजले आहेत. दहा.

आणि मघापासून मला फोनमधून येत होती तशी घड्याळांची टिकटिक ऐकू येत होती, इथे, माझ्या खोलीत. माझ्या खोलीत एकही घड्याळ नाही.

ती आत्ता थांबली.