दुसरी जोडणी

"वाडगा काठोकाठ भरलास! पाहुणीला हाकलायचंय होय गं?" सासूबाई बात्मा-अपा पुटपुटल्या. पण पुटपुटणं असं, की चहाच्या समोवारामागे बसलेल्या सुनेला नीट ऐकू जावं.

नुरजातने अर्धा चहा परत ओतला.

"राहू दे गं," झूरा म्हणाली. "मला हाकलायला भरलेला वाडगा पुरत नाही. नोकरीत असताना लोकांनी अंगावर कुत्री सोडलीत."

कोणी हसलं नाही.

झूरा काराकोल शहराच्या पोलिसांतून निवृत्त झालेली तपास अधिकारी, अपांची मावसबहीण. सकाळी अपांचा फोन आला होता, "लगेच ये. घरात चोर निघालाय, आणि तो घरातलाच आहे."

चोर कोण, हे घराने झूरा यायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. नुरजातची बोचकी दाराशी बांधून ठेवलेली. संध्याकाळी तिला माहेरी पोचवायचं. पोर मात्र बापाच्या घरची, ती इथेच राहणार. चार वर्षांची बेर्मेत आईला चिकटून तळलेला बोरसोक कुरतडत होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. नुरजातचा नवरा तालाई दूर कझान शहरात बांधकामावर. तो फोनवर एवढंच म्हणाला होता, "अपा म्हणेल तसं."

घराचा धंदा नमद्याच्या चपलांचा. मेंढीची लोकर, गरम पाणी, साबण आणि बायकांची मनगटं. विक्री वेबसाइटवरून, आणि ती बघायची नुरजात. वसंतापासून ऑर्डरी आटल्या. लोकर लाटणाऱ्या बायकांना घरी बसवावं लागलं. गिऱ्हाईक साइटवर यायचं, चपला निवडायचं, टोपलीत टाकायचं आणि विचार करतो म्हणून निघून जायचं. थोड्याच वेळात त्याच्या फोनवर 'पांढरी पावलं' नावाच्या भलत्याच दुकानाची जाहिरात. तश्शाच चपला, जरा स्वस्त.

"कोपऱ्यातला हा कोण?" झूराने विचारलं.

"वादिम. जाहिरातवाला," थोरला मुलगा ओर्मोन म्हणाला. लोकरीचं गोदाम त्याच्याकडे होतं. "हिवाळ्यात ठेवला. खोट यानेच शोधून काढली."

"सांग बाबा. पण माणसांच्या भाषेत."

वादिमने घसा साफ केला. "साइटवर कोण आलं, काय पाहिलं, काय न घेता गेलं, याची नोंद आपोआप होते. ती नोंद जाहिरातींच्या खात्याला जोडायची. मग निघून गेलेल्यालाच आपली चप्पल पुन्हा दिसते."

"म्हणजे दारातून परतलेल्या गिऱ्हाइकामागे हाका मारत गल्लीभर जायचं."

"अगदी. पण इथे जोडण्या दोन आहेत. एक दुकानाच्या खात्याला. दुसरी परक्या खात्याला. गिऱ्हाईक आपलं, हाक दुसऱ्याची."

"दुसरी कुठून केली?"

"याच घरातल्या कॉम्प्युटरवरून. नुरजातच्या लॉगिनमधून."

"झालं तर!" ओर्मोनने मांडीवर थाप मारली. "बाबांच्या दुकानावर बाबांचं नावसुद्धा टाकलं नाही हिने. 'आजोबांच्या चपला' म्हणे! तेव्हाच ओळखायला हवं होतं."

"पासवर्ड कोणाकोणाला ठाऊक?"

"पासवर्ड कसला?" अपा म्हणाल्या. "उघडाच असतो तो. घरात का कोणी कुलपं लावतं? बेर्मेत कार्टून बघते त्यावर."

झूराने सुस्कारा टाकला. "जोडणीला काही खूण असते का?"

"नाव द्यावं लागतं," वादिमने पडदा तिच्याकडे वळवला. "पहिलीला 'दुकान'. दुसरीला 'कादिरबेक'. असेल तो 'पांढरी पावलं'वाला."

अपांनी चटकन वाडगा खाली ठेवला. नुरजातने पदरासारखा रुमाल कपाळावर ओढला. ओर्मोन खिडकीबाहेर बघू लागला. भिंतीवरच्या फोटोतून पांढऱ्या टोपीतला अपांचा दिवंगत नवरा सगळ्यांकडे बघत होता.

झूरा नुरजातकडे वळली. "कॉम्प्युटरवर कोण बसतं?"

"सगळेच, एजे," थोरल्या बाईला द्यायच्या मानाने ती म्हणाली.

"ही जोडणी करताना कोणाला पाहिलंस?"

नुरजात समोवाराची तोटी पुसू लागली.

"म्हणजे पाहिलंयस."

"मला सांगता येत नाही."

"येत नाही, की सांगायचं नाही?"

"येत नाही, एजे."

"चोराच्या मनात चांदणं," ओर्मोन म्हणाला.

झूराने बोरसोक मलईत बुडवला, सावकाश चावला. मग अचानक म्हणाली, "बात्मा, तुझ्या नवऱ्याचं नाव काय होतं?"

"म्हातारचळ लागला का तुला?"

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"बेर्मेतचे आजोबा."

"नाव."

"गेलेल्या माणसाचा मान ठेव, झूरा!"

"तोच ठेवतेय. मी काही या घरची सून नाही, म्हणून मी घेते. कादिरबेक." झूराने फोटोकडे पाहून मान लववली. "या घरात आलेली बाई सासऱ्याचं, नवऱ्याचं, थोरल्या दिराचं नाव जिभेवर आणत नाही. लिहीतही नाही. म्हणून तर या पोरीने दुकानाला 'आजोबांच्या चपला' म्हटलं. दुकानाला जे नाव देववलं नाही, ते ती चोरीला देईल? तिने नाही लिहिलं. बात्मा, तूही नाही."

"मग हा वादिम—" ओर्मोन म्हणाला.

"वादिम हिवाळ्यात आला. तेव्हा घरधनी जाऊन दोन वर्षं झाली होती. बायका नाव घेत नाहीत, तुम्ही मुलं 'बाबा' म्हणता. त्याला ते नाव कुठून कळणार? आत्ताही परक्याचं समजून वाचलं त्याने. तालाई कझानला, आणि जोडणी झाली या खोलीत." झूराचा आवाज उतरला. "हे कोणी नुसतं पैशासाठी केलेलं नाही. बापाच्या दुकानावर बापाचं नाव नाही, हे ज्याला सलत होतं, त्याने 'पांढरी पावलं' ही वेगळी चूल मांडली आणि तिच्या जोडणीला ते दिलं. दुःख खरं आहे त्याचं. पण ते त्याने हिच्या गळ्यात बांधलं."

सगळे आपापल्या वाडग्यात बघत बसले.

"नुसता अंदाज," ओर्मोन म्हणाला. "पाहिलंय कोणी?"

अपांनी मुलाकडे पाहिलं नाही. "जाऊ दे, झूरा. ती जोडणी तोडून टाका. सुनेने थोडे दिवस माहेरी जावं. निवळेल सगळं."

"आणि बेर्मेत?"

"पोर इथेच."

नुरजातने वाडगा घेतला. भरला. अगदी काठोकाठ. चहा सांडू न देता गुडघ्यांवर पुढे सरकली आणि तो थोरल्या दिरासमोर ठेवला.

"मी चहा घेऊन गेले होते," ती म्हणाली. "पडद्यावर तेच नाव होतं. मला म्हणाले, हिशेब बघतोय."

"कोण म्हणालं?" अपांनी विचारलं. विचारायला नको होतं, हे त्यांना विचारतानाच कळलं.

नुरजातने बेर्मेतचा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत तिची जीभ त्या नावाकडे एकदाही वळली नव्हती.

"ओर्मोन," ती म्हणाली.