नोंदीत परत आलेली मुलगी

ऐकून हसायचं असेल तर खुशाल हसा. पण हे घडलेलं आहे.

जिच्या बाबतीत घडलं ती बाई आजही आहे, आणि तिला थापा मारायची सवय नाही. बावीस वर्षं तिने एकच गोष्ट आम्हाला शिकवली. जे घडलं तेच लिहायचं, मनचं काही घालायचं नाही.

तिचं नाव ग्लेनिस. मी तिच्याच हाताखाली तयार झाले. उत्तर इंग्लंडच्या किनाऱ्यावर, एका लहान गावात, आमचं मुलांचं घर आहे. ज्यांना आईवडिलांकडे राहता येत नाही अशी चार मुलं आणि पाळीपाळीने येणारी आम्ही माणसं. गावाचं नाव सांगत नाही. तिथे अजून मुलं राहतात.

तारीख मात्र पक्की. सोळा जानेवारी २०१४, गुरुवार. दुपारचे चार वाजत आले होते आणि बाहेर अंधारायला लागलं होतं.

ग्लेनिस घरात एकटी होती.

तीन मुलांना घेऊन आमच्यातलाच इम्रान दाताच्या डॉक्टरकडे गेला होता. चौथी कोर्टनी. तेरा वर्षांची. त्या दिवशी तिची आई भेटायला येणार होती. सकाळी आईचा निरोप आला, जमत नाही म्हणून. लागोपाठ चौथ्यांदा.

दुपारी कोर्टनी शाळेतून पळाली. जाकीटसुद्धा न घेता.

ग्लेनिसने लगेच पोलिसांना कळवलं. त्यांची गाडी निघाली, दोघं जण किनाऱ्यावर शोधू लागले. मग ती ऑफिसात फॉर्म भरायला बसली. मूल बेपत्ता झालं की अकरा पानं भरावी लागतात. कधी गेलं, काय घातलं होतं, कुणाकुणाला कळवलं, सगळं.

त्या महिन्यात कोर्टनी तिसऱ्यांदा पळाली होती. म्हणून ग्लेनिसने, आम्ही सगळेच चोरून करतो, तेच केलं. मागच्या आठवड्याचा फॉर्म उघडला, तारीख बदलली आणि त्यावरच लिहायला लागली. त्या फॉर्मच्या शेवटी मागचंच होतं. 'परत आली. चहा-टोस्ट घेतला. खोलीत गेली.'

ते पुसायचं राहून गेलं होतं.

घरात इतकी शांतता होती की तिला आपल्याच बोटांचा आवाज नकोसा झाला. चार मुलांचं घर कधी असं गप्प नसतं.

आणि मग...

"मिस... आत येऊ का?"

तिच्या पाठीमागे, ऑफिसच्या दाराशी. बारीक, दमलेला आवाज.

ग्लेनिसच्या जीवात जीव आला. नजर कॉम्प्युटरच्या पडद्यावरच होती, बोटं चालूच होती.

"ये गं बाई, ये. जीव टांगणीला लावलास माझा. आधी ते ओले बूट काढ आणि वर जा."

"तुम्ही रागावला नाहीत ना?"

"रागवायचं ते नंतर बघू. आत्ता मला हे लिहू दे. टोस्ट आणते तुझ्यासाठी."



मग जिन्यावर पावलं वाजली... सावकाश. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

ग्लेनिसने पोलिसांना फोन लावला. "आली हो परत आमची बया."

"तुम्ही पाहिलीत तिला?" पलीकडच्या बाईने विचारलं.

"अहो, माझ्या दारातच उभी होती."

शोध थांबला. किनाऱ्यावरची गाडी माघारी वळली.

आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात. मूल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय 'परत आलं' असं लिहायचं नाही, बोलायचं नाही. ग्लेनिसने हे मलाच निदान दहा वेळा बजावलं होतं. पण त्या दिवशी तो फॉर्म तर तिच्यासमोर भरलेलाच होता.

अर्ध्या तासाने ती टोस्टची बशी घेऊन वर निघाली.

जिन्यावर ओले ठसे होते.

बुटांचे नाहीत... अनवाणी पायांचे. तिच्या तळहातापेक्षाही लहान.

कोर्टनीच्या पायात मोठ्या बाईचे बूट बसायचे.

ग्लेनिसने खोलीचं दार वाजवलं. उत्तर नाही. ढकललं. खोली रिकामी होती. पलंगाच्या एका कडेला चादर दबली होती, आणि तेवढीच ओली होती. कुणीतरी अगदी अंग चोरून बसल्यासारखी.

तेव्हा तिला एकेक आठवायला लागलं.

पुढचं दार उघडलं की आमच्याकडे घंटी वाजते. ती वाजलीच नव्हती.

आणि कोर्टनी कधी कुणाला 'मिस' म्हणेल? ती तर दारातूनच ओरडायची, "ए ग्लेन, म्हातारे, खायला काय आहे?" हल्ली आमच्याकडे कुठलंच मूल 'मिस' म्हणत नाही. फार पूर्वीची मुलं म्हणायची.

मग ती कोण होती?

पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. कोर्टनी अजून बाहेर होती. थंडीत. आणि तिला कुणीही शोधत नव्हतं.

ग्लेनिस धडपडत खाली आली तोच फोन वाजला. आमचा मॅनेजर, रेमंड.

"सापडली म्हणे! सुटलो एकदाचे."

"नाही रे, रेमंड. ती आलीच नाही. मी पाहिलं नव्हतं. नुसता आवाज ऐकला आणि सांगून टाकलं."

तो हळूच म्हणाला, "ग्लेनिस, ऐक माझं. आली आणि परत पळाली असं लिही. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. न पाहता कळवलंस हे कळलं तर तुझी नोकरी जाईल. माझीही."

"तसं सांगितलं तर ते घराच्या आसपास शोधतील. पोरगी तीन तासांत कुठल्या कुठे गेली असेल."

"अगं, पण..."

"मरेल ती, रेमंड!"

तिने फोन ठेवला आणि पोलिसांना लावला. "ती परत आलेली नाही. मी तिला पाहिलं नव्हतं. चूक माझी आहे. किनाऱ्यावर परत जा, लवकर जा."

सव्वासहाला कोर्टनी सापडली. किनाऱ्याच्या पार टोकाला, बोटी ठेवायच्या शेडमागे. ओठ निळे, बोलता येत नव्हतं. पण जिवंत. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

ग्लेनिसला लेखी ताकीद मिळाली. तिने ती मुकाट्याने घेतली. भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. तिने नव्याने अहवाल लिहिला, आणि त्यात ते सगळं लिहिलं. आवाज, पावलं, ठसे. मुलाच्या नावाची जागा कोरी ठेवली.

"हे काढ," रेमंड म्हणाला. "पाण्याचे पाइप वाजले असतील."

"पाइप विचारतात का, रागावला नाहीत ना म्हणून?"

"हेड ऑफिसात हसतील आपल्याला."

"हसू देत. कुणीतरी आत यायला विचारलं. मी ये म्हटलं. जाताना मी कुणाला पाहिलेलं नाही. मग गेली असं कसं लिहू?"

तो अहवाल तिथून तीनदा परत आला. नाव भरा म्हणून. तीनदा तिने तो तसाच पाठवला.

तिने जुनी दप्तरंही उपसली. ते घर फार वर्षांपासून मुलांचंच आहे. पण हाती काही लागलं नाही. त्या काळी कोणतं मूल पळालं, कोणतं परत आलं नाही, हे कुणी लिहीतच नव्हतं.

तिला भुताची भीती कधी वाटली नाही. तिला वाईट वाटायचं. "कुठून कुठून चालत आलं असेल ते लेकरू," ती म्हणायची. "रागवाल का म्हणून विचारत होतं. आणि मी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही गं."

ग्लेनिस आता निवृत्त झाली आहे. तिच्या खुर्चीत मी बसते. दाराकडे तोंड करून. कोर्टनी मोठी झाली, नर्सिंग शिकते, ग्लेनिसला तीच भेटून येते. पण वरची ती खोली त्यानंतर कुणाला दिली नाही.

दर रविवारी ग्लेनिसचा फोन येतो. हवापाण्याचं बोलून झालं की ती जरा थांबते. मग आवाज खाली आणून विचारते, "वरची ती... बरी आहे ना गं?"

मी म्हणते, "हो, बरी आहे."

काय सांगणार? कधी कधी संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजतात... सावकाश... आणि वर जाऊन थांबतात. मी लिहीत राहते.

आजवर एकदाही वर जाऊन पाहिलेलं नाही. धीरच होत नाही.